अठराव्या वर्षानंतरचे प्रगतिपुस्तक

(मंडळाच्या सभागृहात झालेल्या पालक मेळाव्यातील भाषण. स्मरणिकेसाठी वक्त्यांनी स्वतः लिहून दिले आहे.)



"पालक आणि विद्यापीठ" या विषयावर बोला, असा फोन आला तेव्हा आपले सचिव हळूच म्हणाले, "मॅडम, जरा मुलांनाही सुनवा." मुलांना सुनावण्यासारखे माझ्याकडे पुष्कळ आहे. पस्तीस वर्षे शिकवले, त्यातली नऊ वर्षे मुलींच्या वसतिगृहाची वॉर्डन होते. पण आज मुले समोर नाहीत, तुम्ही आहात. तेव्हा समोर आहेत त्यांच्याशीच बोलते.

शाळेत असताना प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही आणावी लागे. ती कितीजणांनी स्वतःच ठोकली हे विचारत नाही. दुसऱ्या रांगेत माझे एक वर्गबंधू बसले आहेत, ते आत्ताच हसले. कॉलेजात गेल्यावर ते पुस्तक बंद होते, पण आईबापांच्या मनातला सहीचा रिकामा चौकोन तसाच राहतो.

निवृत्त होण्याआधी चार वर्षे माझ्याकडे जन सूचना अधिकाऱ्याचे काम होते. २००५ चा माहितीचा अधिकार कायदा आल्यावर प्रत्येक सरकारी संस्थेत असा एक बळी लागतो, आमच्याकडे तो मी होते. एके दिवशी एक गृहस्थ दहा रुपयांचे शुल्क भरून रीतसर अर्ज घेऊन आले. मागणी अशी, की माझ्या मुलाने तिसऱ्या सेमिस्टरला किती विषय दिले, किती सुटले आणि किती राहिले, याची प्रमाणित प्रत मिळावी. मुलगा वीस वर्षांचा. राहतो त्याच घरात. बाप-लेकांच्या खोल्यांमध्ये एक भिंत, आणि ती ओलांडण्यासाठी सरकारकडे अर्ज! मी त्यांना सांगितले, की मुलगा सज्ञान आहे, त्याचे गुण ही त्याची वैयक्तिक माहिती, म्हणून कायद्याच्या अकराव्या कलमाप्रमाणे त्याला तिसरा पक्ष समजून आधी नोटीस द्यावी लागेल, त्याला म्हणणे मांडायला दहा दिवस मिळतील. ते उसळून म्हणाले, "मी बाप आहे की तिसरा पक्ष?" मी म्हटले, "तुम्ही नाही हो, तो!"

तेव्हा आम्ही ऑफिसात खूप हसलो. घरी येताना मात्र हसू राहिले नाही. तो गृहस्थ वाईट नव्हता. मुलगा त्याला काही सांगत नव्हता एवढेच खरे होते, आणि ते कोणत्याच कायद्यात बसत नव्हते.

दुसऱ्या प्रकारचे पाहुणे लग्नसराईच्या आधी येत. "मुलगा इंजिनियर आहे म्हणतात, खरंच पास झालाय का, तेवढं बघून सांगा ना. आपलीच माणसं आहोत." आपलीच माणसे! रायपुरात मराठी माणूस मराठी माणसाला खिडकीवर भेटला की नियम संपला, असे आपण गृहीत धरतो. मीही तात्यापाऱ्यात लहानाची मोठी झाले, मला त्या आग्रहाचे वजन माहीत आहे. पण ज्याची पदवी आहे त्यालाच ती दाखवायला सांगावी. आता तर गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये असते, मुलगा बसल्या जागी फोनवर उघडून दाखवू शकतो. दाखवत नसेल, तर तेही उत्तरच आहे.

आपल्या पिढीचा निकाल कधी खासगी नव्हता, हे मान्य. रायपूरची कॉलेजे आधी नागपूर विद्यापीठाची, १९४६ नंतर सागर विद्यापीठाची आणि १९६४ पासून रविशंकर विद्यापीठाची. विद्यापीठे बदलली तरी निकाल लागायची रीत तीच राहिली. वर्तमानपत्रात बारीक टाइपात रोल नंबर छापून येत. नाव नसे, नुसता आकडा. कागदोपत्री म्हणाल तर ती गोपनीयताच! पण आकडा कोणाचा हे दूधवाल्यालाही ठाऊक असे. माझ्या थोरल्या भावाचा नंबर यादीत नव्हता, तर आमच्या आधी समोरच्या काकूंना कळले आणि त्या समजूत घालायला आल्या. भाऊ तोवर झोपेतून उठलाही नव्हता.

आता जे सांगणार आहे ते आजवर व्यासपीठावरून बोलले नव्हते. कॉलेजचे नाव सांगत नाही, आणि चूक कॉलेजची नव्हतीच, माझी होती.

साल १९९६. वसतिगृहाचे फाटक सात वाजता बंद होई. बी.एस्सी. शेवटच्या वर्षाची एक मुलगी आठवड्यातून तीन दिवस पावणेआठला यायची. रजिस्टरमध्ये लिहायची, "नातेवाइकांकडे." मी चौकशी केली, तिचे रायपुरात कोणी नातेवाईक नव्हते. त्या रात्री मी एसटीडी बूथवरून तिच्या वडिलांना फोन केला आणि म्हटले, "तुमची मुलगी संध्याकाळी कुठे जाते, मला माहीत नाही. तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते." बस, एवढेच. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या बसने वडील आले. माझे आभार मानले, हात जोडून. मुलीने माझ्याकडे पाहिले नाही. ट्रंक रिक्षात चढली आणि ती गेली. परीक्षेला दीड महिना होता, ती परीक्षेला बसली नाही. उन्हाळ्यात तिचे लग्न झाले.

तिची खोलीतली मैत्रीण नंतर एकदा माझ्याकडे आली. म्हणाली, ती शंकरनगरमध्ये एका घरी दोन मुलांना गणित शिकवायला जायची. पुढे एम.एस्सी.ला पाठवणार नाही असे वडिलांनी सांगितले होते, म्हणून प्रवेशाचे पैसे साठवत होती. वडिलांना कळले असते तर शिकवणी बंद झाली असती, म्हणून "नातेवाइकांकडे."

मी फोनवर बोलले त्यात खोटे काहीच नव्हते. मला तिची खरोखर काळजी होती. फक्त बूथवर जाण्याआधी तिला खोलीत बोलावून "कुठे जातेस ग?" एवढे विचारायचे सुचले नाही. तिच्याबद्दल बोलायचे तर तिच्याशी बोलावे लागते, हे वॉर्डनच्या नियमावलीत कुठे लिहिलेले नव्हते.

तुम्ही म्हणाल, हा मॅडमचा मनाचा सल, यात हक्काचा प्रश्न कुठे आला? तर आता कायद्याकडे येते. कंटाळू नका, थोडक्यात सांगते.

भारतीय सज्ञानता कायदा १८७५ चा आहे. अठरा पूर्ण झाली की माणूस सज्ञान. मत देतो, करार करतो. मग त्याची हजेरी, त्याचे गुण, त्याचा आजार, तो संध्याकाळी कुठे जातो, हे कोणाचे? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितले, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. मला तारीख पक्की आठवते, कारण त्या दिवशी हरतालिका होती आणि दुसऱ्या दिवशी गणपती बसायचे होते. छत्तीसगडात त्याच दिवशी तीजा. आमच्याकडे कामाला येणारी बाई माहेरी गेली होती, मी एकीकडे मोदकाचे सारण हलवत टीव्ही बघत होते. तो खटला आधार कार्डावरून निघाला होता, वसतिगृहाशी त्याचा संबंध नव्हता. पण मला एसटीडी बूथच आठवला.

त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये आले, आणि ते टप्प्याटप्प्याने लागू व्हायचे आहेत. त्यात अठराच्या आतल्या मुलाच्या माहितीसाठी आईबापांची संमती लागते, अठरानंतर त्याची स्वतःची. फर्स्ट इयरला आलेली काही मुले सतराची असतात. म्हणजे जुलैत प्रवेशाच्या फॉर्मवर संमती तुमची, आणि दिवाळीनंतर वाढदिवस झाला की त्याची. ऑफिसमधल्या बाबूंना हे समजावताना काय दमछाक होणार आहे, ते मी बघायला नसणार, हे बरे.

आपल्याच नव्या रायपुरात २०१८ च्या ऑगस्टअखेर हिदायतुल्ला राष्ट्रीय विधी विद्यापीठाची मुले-मुली आंदोलनाला बसली, ते आठवत असेल. मागण्या बऱ्याच होत्या, त्यात वसतिगृहात परतण्याच्या वेळेचे बंधन नको आणि ग्रंथालय रात्री उशिरापर्यंत उघडे ठेवा, याही होत्या. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंनी, म्हणजे आपल्या इकडच्या हिंदीतल्या कुलपतींनी, राजीनामा दिला. तेव्हा आमच्या कॉलनीत चहावर एकच सूर होता, "यांच्या आईबापांना बोलावून घ्या, दोन दिवसांत सरळ होतील." मीही मान हलवली असावी. पण विचार करा. ही मुले उद्या वकील होणार, तुमच्या-माझ्या जमिनीचे खटले चालवणार. त्यांचे विद्यापीठाशी भांडण आहे, ते ती विद्यापीठाशी करताहेत. त्यात बाबांना कशाला बोलवायचे? आपल्याकडे पालकांना बोलावणे हे कळवण्यासाठी फार कमी आणि धाक दाखवण्यासाठी जास्त वापरले जाते. हे मी आतून पाहिले आहे म्हणून म्हणते.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०१९ मध्ये, केरळ उच्च न्यायालयापुढे कोझिकोडकडच्या एका कॉलेजचे प्रकरण आले. संध्याकाळी सहा ते दहा वसतिगृहात मोबाइल वापरायचा नाही, असा नियम होता. एका मुलीने तो मानला नाही, तिला वसतिगृहातून काढले. पालकांच्या मागणीवरूनच नियम केला, असे कॉलेजचे म्हणणे होते. न्यायालयाने तिला परत घ्यायला लावले, आणि इंटरनेट वापरता येणे हा शिक्षणाच्या व खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे असे सांगितले. त्याच केरळात २०२२ मध्ये आरोग्य विद्यापीठाने मात्र कोर्टात मांडले, की माणसाच्या मेंदूची वाढ पंचविसाव्या वर्षापर्यंत चालते, तेव्हा वसतिगृहाला बंधने हवीतच. मेंदूचे खरे असेलही. पण एम.बी.बी.एस. झालेला मुलगा चोविसाव्या वर्षी तुमच्या नाडीवर बोट ठेवतो, तेव्हा त्याच्या वडिलांची चिठ्ठी आपण मागत नाही.

आता तुमच्या ओठांवर असलेला प्रश्न. "फी आम्ही भरतो, मग आम्हाला विचारायचाही हक्क नाही?" कर्ज काढून, प्लॉट विकून शिकवणारी माणसे समोर बसली आहेत, मी हा प्रश्न हलका मानत नाही. विचारायचा हक्क तुम्हाला पूर्ण आहे, पण मुलाला विचारायचा. बँकही शैक्षणिक कर्जाचा पुढचा हप्ता सोडताना गुणपत्रिका मागते, तीही विद्यार्थ्याकडूनच. अमेरिकेत १९७४ पासून यासाठी वेगळा कायदा आहे. मूल अठराचे झाले किंवा कॉलेजात गेले, की त्याच्या नोंदींवरचा हक्क आईबापांकडून त्याच्याकडे जातो. माझी भाची तिकडे असते, तिची मुलगी कॉलेजला गेली तेव्हा हिने ऑफिसला फोन केला, तर पलीकडून गोड आवाजात उत्तर, की मुलीने लेखी परवानगी दिली असेल तरच बोलू. ताई रडकुंडीला आली होती. पण त्या कायद्यातही पैसे भरणाऱ्याचा विचार आहेच. आईबाप प्राप्तिकरात मुलाला आपल्यावर अवलंबून दाखवत असतील, तर कॉलेज त्यांना माहिती देऊ शकते, मात्र द्यायलाच हवी असे नाही.

इथपर्यंत ऐकून तुम्हाला वाटेल, मॅडम मुलांच्या बाजूच्या झाल्या. मलाही तसेच वाटत होते, आणि तिथेच माझी दुसरी चूक झाली.

२०११ ची गोष्ट. मी विभागप्रमुख होते. सेकंड इयरचा एक मुलगा वर्गात दिसेनासा झाला. त्याचा रूममेट माझ्या केबिनमध्ये आला, उभ्या उभ्याच म्हणाला, "मॅडम, तो जेवायलाही उठत नाही. काल मला आपली घड्याळ देऊन टाकली. विचित्र बोलतो." मी ऐकून घेतले. मनात शहाण्णव सालची ट्रंक होती. मी म्हटले, "तो मोठा आहे, आपण त्याच्या घरी परस्पर कळवणं बरं नाही. त्याला मला भेटायला सांग." तो येणार कसा? दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी त्या रूममेटने माझी वाट न पाहता त्याच्या आईचा नंबर शोधला आणि फोन केला. ती माउली रात्रभर गाडीत बसून पहाटे स्टेशनवर उतरली. त्याला डॉक्टरांकडे नेले, महिनाभर घरी ठेवले. एक वर्ष गेले, पण मुलगा पास झाला, आज नोकरीत आहे. हे माझ्यामुळे झाले नाही. एकोणीस वर्षांच्या त्या पोराला जे कळले ते मला कळले नव्हते. एकदा दुधाने तोंड पोळले म्हणून मी ताकही फुंकून पीत बसले, आणि समोर आग लागली होती.

कायदाही त्या दिवशी माझ्या बाजूने नसता. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात रुग्णाची माहिती गुप्त ठेवायची आहे, पण जिवाला धोका असेल तर तो टाळण्यापुरते सांगायची मुभा तिथेच लिहिली आहे. टाळण्यापुरते, हा शब्द महत्त्वाचा. "तुमचा मुलगा बरा नाही, आजच निघा" इतके पुरते. त्याने किती पेपर सोडले, कोणत्या मुलीशी बोलत होता, हे सांगायची गरज नसते. पण असा फोन झाला की सगळे पुराण सांगितले जाते, हाही आपला अनुभव.

पालकांना बाहेरच ठेवावे असे नियमही म्हणत नाहीत. २००९ मध्ये हिमाचलमध्ये वैद्यकीयचा विद्यार्थी अमन काचरू रॅगिंगमध्ये गेला. त्यानंतर आलेल्या यू.जी.सी.च्या नियमांत विद्यार्थ्याबरोबर पालकांचेही हमीपत्र लागते. आणि २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांबाबत देशभरच्या संस्थांना निर्देश दिले. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे प्रशिक्षित समुपदेशक हवा, गुणांवरून चारचौघांत अपमान नको, आणि पालकांसाठी नियमित जागृतीचे कार्यक्रम हवेत. आजचा मेळावा त्यातच धरायला हरकत नाही.

मग कधी फोन करायचा आणि कधी नाही, हे ठरवायचे कोणी? यावर मला सापडलेले सर्वांत शहाणे उत्तर इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठाचे आहे. तिथे काही विद्यार्थ्यांनी आयुष्य संपवले, आईबाप म्हणू लागले की आम्हाला कोणी सांगितलेच नाही. २०१८ पासून विद्यापीठाने नोंदणीच्या वेळीच प्रत्येकाला विचारायला सुरुवात केली, की तुझ्याबद्दल गंभीर काळजी वाटली तर तू दिलेल्या व्यक्तीला कळवू का? नव्वद टक्क्यांहून अधिक मुलांनी हो म्हटले. हा आकडा वाचून मी चष्मा पुसला. मुलांना आपल्यापासून लपायचे आहे असे आपण धरून चालतो. त्यांना फक्त आधी विचारायला हवे असते, शांत दिवशी, संकट नसताना.

आपल्या प्रवेशाच्या फॉर्मवर "पालकाचे नाव व मोबाइल" एवढीच ओळ असते. त्या ओळीत तीन गोष्टी एकत्र कोंबलेल्या आहेत. पैसे कोण भरतो, अडचणीत कोणाला बोलवायचे, आणि गुण कोणाला कळवायचे. बऱ्याच मुलांच्या बाबतीत या तिन्हींचे उत्तर एकच असेल. पण एखाद्या मुलीला अडचणीत बाबांऐवजी मावशी हवी असेल. एखाद्याच्या घरीच अडचण असेल. शहाण्णव साली माझ्या रजिस्टरमध्ये अशी एक वेगळी ओळ असती, तर त्या मुलीने तिथे कोणाचे नाव लिहिले असते, याचा मी पुष्कळदा विचार करते. तिच्या वडिलांचे नसते, एवढे नक्की.

एक तक्रार मात्र कॉलेजांविरुद्ध. पालकांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करतात आणि त्यावर कमी हजेरीवाल्यांची यादी टाकतात. नाव, टक्केवारी, शेजारी वडिलांचा मोबाइल नंबर. दोनशे घरांत एका क्षणात. वर्तमानपत्रातला रोल नंबर याहून सभ्य होता. तुमच्या ग्रुपवर अशी यादी आली तर दुसऱ्याच्या मुलाचे नाव वाचून पुढे पाठवू नका, आणि प्राचार्यांना दोन ओळी लिहा. पालकांनी लिहिले तर ऐकतात, हा आतला अनुभव आहे.

मी एक साधा कागद तयार करून आणला आहे. कॉलेजसाठी नाही, घरासाठी. मूल वसतिगृहात जाण्याआधी जेवणाच्या टेबलावर दोघांनी मिळून भरायचा. कोणती गोष्ट तू आम्हाला स्वतः सांगशील, कोणती आम्ही विचारणार नाही, आणि कशी वेळ आली तर कोणीही, रूममेटसुद्धा, आम्हाला मध्यरात्री फोन करावा. रूममेटचा नंबर लिहायला जागा ठेवली आहे, ती रिकामी सोडू नका, त्याची परवानगी विचारून भरा. प्रती मागच्या टेबलावर चहाशेजारी ठेवल्या आहेत. कमी पडल्या तर सचिवांकडे मूळ कागद आहे, झेरॉक्सचे पैसे मंडळ देणार नाही असे त्यांनी आधीच बजावले आहे.